शेवटचं लॉगऑन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

संगणक सुरू व्हायला आज सहा मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली. हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापायचा होता. नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन नावं येतात. वर श्यामकांत, खाली ऋता. मी वरचं दाबतो. खालचं वर्षभर कोणी दाबलेलं नाही.

येत्या सव्वीसला ऋताला जाऊन वर्ष होईल. डेंग्यू. पाच दिवस. चौतीस वर्षांची होती.

तिच्या टेबलाच्या खणात तिने मला लिहून दिलेला कागद सापडला. सापडला म्हणणं खोटं आहे. तो तिथेच होता, मी खण उघडत नव्हतो. वर लिहिलंय: "बाबा, चित्रं शोधत बसू नका. विंडोजचं बटण धरून R दाबा. एक छोटी चौकट येईल. तिला नाव सांगा, ती वस्तू आणून देते." खाली सतरा कमांड, प्रत्येकीपुढे तिचं काम. माझी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली. नंबर फिरवला की माणूस येतो, हे मला समजतं. चित्रं समजत नाहीत. तिला ते माहीत होतं.

एकेक करायचं ठरवलं. आज पहिली, cleanmgr. साठलेला कचरा काढते. अर्धा तास स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होतो. तिच्या खुर्चीवर मी बसत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

%temp%. तात्पुरत्या फायली. तीन हजार एकशे निघाल्या. काही पुसल्या जाईनात. ही फाइल वापरात आहे, असं पडद्यावर आलं. कोण वापरतंय ते आलं नाही.

चौकटीची एक सवय आहे. उघडली की आदल्या वेळी सांगितलेलं नाव तिच्यात आधीच लिहिलेलं असतं.

मुकुलला फोन केला. धाकट्या भावाचा मुलगा, पवईला कंपनीत आहे. म्हणाला, "काका, हे विंडोज आता संपलं. ऑक्टोबरपासून अपडेट बंद. एकदा सगळं पुसून दुसरं काहीतरी टाकू, चकाचक चालेल." मी म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

R च्या बटणावर पिवळा डाग आहे. ऋता ताट घेऊन टेबलाशी बसायची, तेव्हाचा असणार. ओल्या फडक्याने पुसला. पुसल्यावर वाटलं, ठेवायला हवा होता.

अडीचला पडलो. कुंदा दारात येऊन नेहमीसारखं विचारून गेली, "मशीन काढलंत का?" कानातलं मशीन घालून झोपलं की कान ठणकतो. काढून डबीत ठेवलं. त्यानंतर चार वाजेपर्यंत मला जवळजवळ काही ऐकू येत नाही. कुंदा हे विचारायला एक दिवस विसरत नाही. तिच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. काळजी माझ्या कानाची.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाचवी, cmd. काळा पडदा. पुढे तिने लिहिलंय: "net user आणि नाव. कोण शेवटचं कधी येऊन गेलं ते सांगते."

माझं नाव लिहिलं. शेवटचं लॉगऑन: आज, सकाळी ९:१२. बरोबर.

मग तिचं लिहिलं. का ते सांगता येणार नाही.

शेवटचं लॉगऑन: ९ नोव्हेंबर, दुपारी २:४७.

तीनदा केलं. तीनदा तेच. काल रविवार होता. काल ती नव्हती.

कुंदाला सांगितलं नाही. ती चपात्या करत होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सहावी, eventvwr. मशीन आपल्या सगळ्या हालचाली लिहून ठेवतं, ते वाचता येतं. आपण डायरी लिहितो तसं. सकाळभर मागे मागे गेलो. रोज दुपारी पावणेतीनच्या सुमाराला सुरू. साडेतीनला बंद. जितकं मागे जाता आलं तितकं तेच.

त्या वेळी घरात आम्ही दोघं. मी झोपलेला. कुंदा संगणकाला हात लावत नाही. ऋता आईला शिकवायला बसली की कुंदा म्हणायची, मला नको गं ते. त्या खोलीत ती केर काढायला जाते, एवढंच.

म्हणजे बाहेरून. वायरीतून कोणीतरी येतंय. बंद असलेलं मशीन वायरीतून सुरू कसं होईल, हे मुकुलला विचारलं. त्यालाही नीट सांगता आलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी संगणक लावला तर नावं पडद्यात मावेनात. ऋताचं पहिलं अक्षर तळव्याएवढं. बाकीचं पडद्याबाहेर. दहा मिनिटं घाबरून बसलो. मग कागद आठवला. चौदावी कमांड, magnify. "पडदा मोठा करून दाखवते. बाबा, ही तुम्हाला लागणार नाही."

मला लागणार नव्हती तर लिहिली कशाला?

R वर पुन्हा पिवळा डाग आहे. मी पुसला होता. या डायरीत तसं लिहिलेलं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज झोपलो नाही. दोन ते चार ऋताच्या खोलीत स्टुलावर बसून राहिलो. कानात मशीन. संगणक बंद. त्याच्या काचेत खिडकी दिसत होती आणि मी.

कुंदा तीन वेळा येऊन गेली. "पडत का नाही?" "बरं वाटत नाहीये का?" तिसऱ्या वेळी नुसती दाराशी उभी राहून गेली. मग स्वयंपाकघरात भांडी घासत बसली. सकाळी घासलेलीच.

काही झालं नाही. चारला net user केलं. शेवटचं लॉगऑन: १३ नोव्हेंबर.

मी बसलो की येत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो.

माझ्या खाटेचं डोकं ज्या भिंतीला आहे, तिच्या पलीकडे ऋताची खोली. आज डोळे मिटून पडलो होतो, मशीन डबीत. खाटेच्या लोखंडाला हात लागला आणि हाताला काहीतरी लागलं. आवाज नाही. बारीक थरथर. थांबत होती, पुन्हा येत होती. वाक्यं असतात तशी. छत्तीस वर्षं लाइनवर हात ठेवून काढली आहेत, बोलण्याची थरथर मला कळते.

उठून बघता आलं असतं. उठलो नाही. घाबरलो म्हणून नाही. उठलो तर थांबेल म्हणून.

ऋता अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. ऑफिसातून आली की दार लावून तासभर. तेराव्याला मुकुलने फोनवर तिने वाचलेलं काहीतरी लावलं. घरभर तिचा आवाज झाला. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, या घरात हा आवाज पुन्हा लावायचा नाही. कुंदा पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. आजपर्यंत बोललेली नाही.

आता तिला स्वतःला यावं लागतंय का? मी बंद केलं म्हणून?

वाचलं तर वेड्यासारखं वाटतं. खोडत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मुकुलशी बोललो. वेळा सांगितल्या, थरथर नाही सांगितली. "काका, शंभर टक्के कोणीतरी रिमोटने घुसतंय. रविवारी तीस तारखेला येतो आणि फॉरमॅट मारतो. ऋताताईच्या फायली आधी बाहेर काढून देतो, पासवर्डची गरज नाही." मी म्हटलं, काढायच्या नाहीत. "का?" "तिने कुलूप लावलंय." "अहो पण काका—"

त्याला समजायचं नाही. खांबावर चढून तारांच्या जोडीला तपासणीचा हँडसेट लावला आणि कोणी बोलत असलं, तर त्याच क्षणी काढायचा. ऐकायचं नाही. फॉल्ट मिळाला नाही तरी चालेल. हे मी एकदाही मोडलं नाही.

जेवताना कुंदाला सांगितलं. "तीस तारखेला मुकुल येऊन ते मशीन पुसून देणार आहे."

"पुसून म्हणजे?"

"कोरं करून."

"आतलं सगळं जातं?"

"सगळं."

तिने मला भात वाढला. माझ्या पानात भात होता. त्यावर वाढला.

"ऋताचंही?"

"ते आता कोण वापरणार आहे?" मी म्हटलं.

ती उठून हात धुवायला गेली. तिचं जेवण अर्धं राहिलं होतं. तिला वाईट वाटलं असणार. पण हे जे चाललंय ते तिला कळण्यापेक्षा हे बरं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मॅथ्यू आला होता. वाकोल्याचा. खात्यात मला लाइनचं काम त्यानेच शिकवलं. वयाने सात वर्षांनी मोठा, पण दोन जिने चढून आला आणि दम मलाच लागला असावा तसं मला म्हणाला, "पाणी पी." बेकरीतले बटर घेऊन आला होता. त्याला सगळं सांगितलं. थरथरसुद्धा.

"श्याम, भूत काय पासवर्ड टाकून येतं काय रे?"

"हसू नकोस."

"हसत नाय. आमच्या आयेची भुतं चिंचेवर राहायची. लॉगिन नव्हता त्यांना. चल, दाखव."

खोलीत जाऊन तो सरळ ऋताच्या खुर्चीवर बसला. मला ते आवडलं नाही. त्याचे गुडघे टेबलाला आपटले. "ही इतकी वर कोणी केली? बुटक्या माणसाची खुर्ची ही."

"ऋताने ठेवली असेल."

"तुझी पोरगी तुझ्याहून उंच होती रे."

त्याने कीबोर्डवर वाकून पाहिलं. R वर बोट घासलं, बोट नाकाशी नेलं. मग बराच वेळ स्वयंपाकघराकडे तोंड करून बसला.

कुंदा चहा घेऊन आली. मॅथ्यूने कप घेतला. "वहिनी, डोळ्याचं ऑपरेशन करून टाका आता. बारीक अक्षरं किती दिवस ताणून बघणार?"

"मला कुठे काय वाचायचं असतं, भावजी."

"तेच म्हणतो मी. ऐकायला डोळे लागत नाहीत, पण तिथवर पोचायला लागतात."

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. ती आत गेली. म्हातारपणी मॅथ्यू कोड्यात बोलायला लागलाय.

जिन्यात म्हणाला, "पहिल्या दिवशी मी तुला काय शिकवलेलं?"

"आधी घर, मग खांब." तक्रार आली की आधी ग्राहकाच्या घरात बघायचं. दहातल्या आठ वेळा फॉल्ट तिथेच असतो. खांबावर चढायचं ते नंतर.

"मग तू इतके दिवस खांबावर काय करतोयस, बाबा? उतर." आणि गेला.

त्याचं बरोबर होतं. संध्याकाळी मोडेम उघडून पाहिला, वायर टोकापर्यंत तपासली. घरात काही दोष नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वर्षश्राद्ध झालं.

गुरुजी म्हणाले, आता वर्ष पूर्ण झालं, मागे काही ठेवू नका. कुंदाने विचारलं, "काही म्हणजे?" गुरुजींना या प्रश्नाची सवय नसावी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मुकुल सगळं पुसणार ते परवा. मला वाटलं, तिचं नाव तरी मी माझ्या हाताने काढावं. परक्याने नको. मुकुल परका नाही, पण नको.

सतरावी कमांड, netplwiz. शेवटची. घरातल्या माणसांची यादी येते. श्यामकांत. ऋता. तिचं नाव निवडून 'काढा' दाबलं. मशीन विचारतं, नक्की ना? त्याला हो म्हणायचं असतं.

मी 'नाही' दाबलं.

मग माझ्या नावातून बाहेर पडलो आणि खालचं नाव दाबलं. पहिल्यांदाच. दार ठोठावतात तसं. पासवर्डच्या जागी तिची जन्मतारीख घातली. चुकीचा आहे, असं आलं. आणि त्याखाली बारीक अक्षरांत तिने कधीतरी लिहून ठेवलेली खूण आली. विसरलेल्या माणसाला आठवावं म्हणून ठेवता येते ती.

"बाबा, आईला विचारा."

स्वयंपाकघरात कुंदा फोडणी देत होती. हिंग, हळद. तिने पदराला हात पुसला, तो पुरता पुसला जात नाही, चाळीस वर्षं बघतोय. तिची उंची. तिचे डोळे. रोज अडीचला दारात येऊन विचारणं, मशीन काढलंत का.

आधी घर.

मी तिला विचारलं नाही. एक वर्ष ती माझ्या झोपेच्या तासात राहिली, कारण बाकीचे तास मी बंद केले होते. काय विचारणार?

२९ नोव्हेंबर, शनिवार

अडीचला ती दारात आली नाही.

कानात मशीन ठेवून पडलो. खालच्या रिक्षा, कुणाचा तरी मिक्सर, आमचं घड्याळ. भिंतीपलीकडे काही नाही. तीनला उठून दाराच्या फटीतून पाहिलं. कुंदा ऋताच्या खुर्चीवर बसली होती. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. संगणक बंद होता. ती फडक्याने कीबोर्ड पुसत होती. एकेक बटण. R वर जास्त वेळ.

तिने निरोप घेऊन टाकला होता. मी सांगितलं म्हणून. या वेळीही काही न बोलता.

३० नोव्हेंबर, रविवार

मुकुल अकराला आला. पिशवीतून डिस्क काढली, बाह्या वर केल्या.

"पुसायचं नाही," मी म्हटलं.

"काका! आता शनिवार-रविवार सोडून आलोय मी. ते कोण घुसतंय त्याचं काय?"

"फॉल्ट सापडला."

"काय होता?"

"लाइन ठीक आहे."

मुकुलने कपाळाला हात लावला. "बरं, पण हे असं नेटवर ठेवणं सेफ नाहीये." मी इंटरनेटची वायर सकाळीच काढली होती. गुंडाळी करून त्याच्या हातात दिली. "आता बाहेरून कोणी येत नाही. घरातल्यांनी यावं." तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. कुंदा ओल्या हातांनी उभी होती. "काकू, तुम्ही तरी सांगा यांना."

"ते म्हणतायत तर राहू दे," कुंदा म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी मुकुलला विचारलं, "न उघडता नक्कल काढता येते का? ऋताच्या सगळ्याची?" येते म्हणाला. पाऊण तास लागला. पेनड्राइव्ह हातात घेऊन विचारू लागला, कुठे ठेवू. मी बोलायच्या आत कुंदाने हात पुढे केला.

"माझ्याकडे दे."

मुकुलला त्यात काही वाटलं नाही. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं आणि आमटी ढवळायला गेली.

मुकुल जेवून दोनला गेला. अडीचला पडलो. कुंदा दारात आली. नेहमीपेक्षा थोडी जास्त थांबली.

"मशीन काढलंत का?"

"हो," म्हटलं, आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

चपलांचा आवाज गेला. खुर्ची सरकली. बराच वेळ बटणांचे आवाज, एकेक, मधे मोठी अंतरं. मग ऋता बोलायला लागली.

भूगोलाचा धडा होता. खाडीच्या तोंडाशी गाळ कसा साठतो. आवाज अगदी हळू ठेवलेला, भिंतीतून येऊन आणखी हळू झालेला. स्वल्पविरामाला थांबते, पूर्णविरामाला जास्त थांबते. मग कुकरची शिट्टी झाली. वाटलं, आमच्याच घरात. ती तिकडचीच होती. त्यामागून एक माणूस ओरडला, "कुंदा, माझा चष्मा कुठे ठेवलास?" स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे न कळणाऱ्या माणसाचा आवाज. चिडका. कोण आहे ते लक्षात यायला वेळ लागला.

"बाबा, हळू ना," ऋता म्हणाली. "रेकॉर्डिंग चालू आहे."

आणि दोघी हसल्या. एक हसणं कुंदाचं. वर्षभरात ऐकलं नव्हतं.

तिथे कुंदाने थांबवलं. मागे नेलं. पुन्हा गाळ, पुन्हा शिट्टी, पुन्हा चष्मा. बाबा, हळू ना. पुन्हा मागे. गाळाचा धडा पुढे किती आहे कोण जाणे, ती पुढे जात नव्हती.

लाइनवर बोलणं चालू होतं. मी हँडसेट काढला नाही.

कान ठणकायला लागला होता. कूस बदलायची होती, पण आमची खाट करकरते. मी हललो नाही.